सलाइनच्या नळीचा मासा

८ डिसेंबर १९८५, रविवार

ही वही विजयने आणून दिली. "बाबा, तुम्ही बोलत नाही तर नाही, निदान लिहीत जा," म्हणाला. काय लिहायचं ते काही सांगितलं नाही. एकतीस वर्षं पांढुर्ण्याच्या रेल्वे मालधक्क्यावर संत्र्याच्या पावत्या फाडल्या. तिथं रकाने आखून मिळत, इथं कोरं पान पुढ्यात आहे.

तर नोंद अशी. सुशीलाला जाऊन दोन महिने पाच दिवस झाले. दिवाळी केली नाही. थंडी पडली आहे. जेवणाचा डबा शेजारच्या शांताबाईंकडून येतो. मी ठीक आहे. असं मी सगळ्यांना सांगतो आणि ते खरंही आहे. मला रडू आलं नाही, दहाव्यालाही नाही. लोक म्हणाले, मोठ्या धीराचा माणूस. धीर कसला? आत काही हलतच नाही. भाजीत मीठ नाही हेही अर्धी पोळी संपल्यावर समजतं.

विजय सौंसरला मास्तर आहे. संध्याकाळच्या बसने परत गेला. जाताना म्हणाला, "मंजूची लूट यंदा मोहगावला करून राहिलो, तिच्या आजोबांकडे. आपल्या घरी आईचं वर्ष व्हायचं आहे." मंजू म्हणजे मंजिरी, माझी नात, दहा महिन्यांची. लूट म्हणजे लेकराचं संक्रांतीचं बोरन्हाण. मी "बरं" म्हटलं.

सप्टेंबरात नागपूरच्या दवाखान्यातून सुशीलाला घरी आणलं, त्यानंतरची एक दुपार. ती पडल्या पडल्या म्हणाली होती, "अजी, मंजूची लूट आपल्याच घरी करजा." मी पेपर वाचत होतो. "पाहू," म्हटलं. पेपरात काय होतं ते आता एक अक्षर आठवत नाही. "पाहू" मात्र आठवतं.

११ डिसेंबर, बुधवार

शांताबाई डबा घेऊन आल्या तेव्हा विचारलं, वर्षाच्या आत घरात लूट करता येते का?

त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सण नाही करत भाऊजी. पुरणपोळी नाही, तोरण नाही. पण लेकराले कायचं सुतक? लेकराची पहिली संक्रांत काय पुन्हा येते? काळं झबलं घाला, हलव्याचे दागिने घाला, पाटावर बसवा, डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे तुकडे टाका. गल्लीतले पोट्टे लुटून नेतात. झालं. मी तं म्हणतो कराच." शांताबाई नेहमी "मी म्हणतो" असंच म्हणतात. त्यांचे यजमान वारल्यापासून घरात बाप्याही त्याच आहेत.

विजयला कार्ड टाकलं. लूट इथंच करायची आहे, एवढंच लिहिलं. कारण लिहिलं नाही. मला कशातच गोडी वाटत नाही, पण ही एक गोष्ट व्हायला पाहिजे. नाही झाली तर तो "पाहू" जन्मभर माझ्याकडे राहील.

१५ डिसेंबर, रविवार

खाटेखालचा पत्र्याचा डबा काढला. वनस्पती तुपाचा, मोठा. यात सुशीला काय काय साठवायची. "टाकू नका, कामात पडते," हे तिचं वाक्य. मी म्हणायचो, भंगारवाल्याशी सोयरीक जुळवायची आहे का तुला? आजारपणात तर फारच झालं होतं. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी काढून नखाने घासून घासून सपाट करायची. मी चिडायचो. गोळी घे आणि झोप म्हणायचो.

डब्यात निघालं ते: चांदीचे कागद, जुन्या पंचांगाच्या पानापानांत दाबलेले, एकशे बारा. सलाइनच्या नळ्या, अकरा, गुंडाळून दोऱ्याने बांधलेल्या. एक्स-रेच्या काचा, तीन. (काच नव्हे, पण आपण काचच म्हणतो.) फुटक्या बांगड्यांचे तुकडे, एक डबी. नळीचाच विणलेला एक मासा, काळ्या मण्यांचे डोळे, बोटभर लांब. आणि तिची काळी चंद्रकळा, पदराकडून कापलेली. चांगलं पातळ का कापलं कोण जाणे. कापलेले तुकडे वेगळे घडी करून ठेवले होते, दोन मोठे आणि दोन लहान. कापणी वाकडीतिकडी आहे. एका मोठ्या तुकड्याला वरून अर्धगोल खाच पडली आहे. उंदराने कुरतडलं म्हणावं तर कड फार साफ आहे.

सगळं पलंगावर मांडलं. लुटीच्या सजावटीला बाजारातून काही आणायची गरज नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

विजयचं पत्र आलं. पुंडलिकराव, म्हणजे आमच्या सूनबाई अनुराधाचे वडील, नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, ज्या घरात बाई नाही तिथं तयारी कोण करेल? विजयने तोड काढली आहे. बारा तारखेच्या रविवारी तिघं इथं येतील. लुटीसारखं घर दिसलं तर संक्रांतीला इथंच. नाही तर सोमवारी सकाळच्या बसने मोहगाव.

म्हणजे माझी परीक्षा आहे. मास्तरचा बाप झालो त्याची ही शिक्षा.

२४ डिसेंबर, मंगळवार

मासा कसा विणतात ते पाहायला सुशीलाचा मासा उसवला.

आधी शेपटी सुटली, मग पोट. एक वेढा वर, एक खाली, मध्ये गाठ. समजलं असं वाटलं. पुन्हा विणायला गेलो तर जमेना. चारदा प्रयत्न केला. शेवटी नळी आणि दोन मणी एका पाकिटात घातले, वर "सु. हिचा मासा, सुटा" असं लिहिलं आणि पाकीट कपाटात ठेवलं. मालधक्क्यावर फुटलेल्या पेटीला अशीच चिठ्ठी लावत असू.

बाकीच्या नळ्या कडकडीत पाण्यात टाकून सरळ करून घेतल्या. पाकिटातलीही करायची होती, पण पाणी निवलं होतं. राहून गेलं.

२९ डिसेंबर, रविवार

एक्स-रेच्या काचा धुतल्या. गरम पाणी, धुण्याचा सोडा, नारळाची शेंडी. काळं हळूहळू उतरतं. पहिलीवर पोट होतं, दुसरीवर बरगड्या. दहा मिनिटं घासल्यावर बरगड्या गेल्या, निळसर कोरी पट्टी राहिली. उन्हात धरली तर छान दिसते. कात्रीने चांदण्या कापल्या, चौदा.

तिसरी धुतली नाही. सोडा संपला.

शांताबाई डोकावून गेल्या. "काय करून राहिले भाऊजी?" चांदण्या, म्हटलं. त्यांनी एक हातात घेतली, परत ठेवली आणि पदराला हात पुसले. एरवी तासभर बसतात. आज शेगडीवर दूध आहे म्हणाल्या.

३० डिसेंबर, सोमवार

सोडा संपला असं काल लिहिलं, ते चुकीचं. डब्यात पाव किलो आहे.

२ जानेवारी १९८६, गुरुवार

नवीन साल लागलं. काही वेगळं वाटलं नाही.

मासे सात झाले. तिच्यासारखा एकही नाही. माझे पोट सुटलेले, ढेरपोटे, माझ्यासारख्या मालबाबूच्या जातीचे. डोळ्यांना मोहरी चिकटवली. फुटक्या बांगड्या दिव्यावर तापवून एकात एक अडकवल्या, हिरव्या नि लाल, दोन हात लांब माळ झाली. कापसाच्या रिकाम्या बोंडांची टरफलं पऱ्हाटीवरून तोडून आणली, त्यांना गोळ्यांची चांदी चढवली. फुलं झाली. एका चांदीवर गोळीचं नाव अजून वाचता येतं. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. ते फूल आतल्या बाजूने लावलं.

संत्र्याच्या पेटीच्या फळ्या तासून पतंगाचे सांगाडे केले. चंद्रकळेचे दोन मोठे तुकडे त्यांवर खळीने चिकटवले. काळे पतंग, संक्रांतीला शोभतात. ज्या तुकड्याला ती अर्धगोल खाच होती तिथं चांदीचा चंद्र बसवला. खाच झाकली गेली. मी स्वतःवर खूश झालो, म्हणजे व्हायला पाहिजे होतं. लहान तुकड्यांचे छोटे पतंग करणार होतो, पण फळीच पुरली नाही.

६ जानेवारी, सोमवार

शांताबाईंनी हलवा करायला घेतला. परातीत तीळ, खाली मंद शेगडी, वरून चमच्याने साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. थंडी जितकी कडक तितका काटा चांगला येतो. बाई दोन तासांनी दमल्या, मग मी बसलो.

"भाऊजी, आग वाढली वाटते, बोट पाहा!" त्या ओरडल्या तेव्हा पाहिलं. उजव्या हाताचं पहिलं बोट परातीच्या कडेला टेकलेलं होतं, टरारून फोड आला होता. मला कळलंच नाही. त्यांनी दुखते का म्हणून विचारलं. नाही म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "सुशीलाताई राहिली असती तं तुमाले दोन शिव्या देल्या असत्या," म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या. बोट माझं भाजलं, रडल्या त्या.

काटा मात्र बरा आला.

१० जानेवारी, शुक्रवार

हलव्याचा हार, वाक्या, कंबरपट्टा तयार. काळं झबलं तेवढं राहिलं. पांढुर्ण्यात तीन दुकानं फिरलो, एवढं लहान काळं कुठं मिळेना. "काका, काळं कोण ठेवते लेकराचं? घरीच शिवतात," एक दुकानदार म्हणाला. घरी म्हणे. शिलाई मशीन चार महिने झाकलेली आहे.

१२ जानेवारी, रविवार

अकराच्या बसने आले. मंजूने मला ओळखलं नाही, मग ओळखलं, मग माझी टोपी ओढली.

मी सगळं टांगून ठेवलं होतं. दारावर बांगड्यांची माळ, खिडकीत चांदण्या, पाटाच्या मागच्या भिंतीवर दोन काळे पतंग, छताला सात मासे. विजय दारातच थांबला. "बाबा, हे तुम्ही केलं?" त्याचा आवाज आनंदाचा होता, हे लिहून ठेवतो. तो आत आला, एका माशाला बोट लावलं. मासा फिरला.

"ही नळी कशाची?"

"सलाइनची."

"कोणाच्या सलाइनची?"

"आईच्या. उकळत्या पाण्यातून काढल्या, स्वच्छ आहेत."

मग त्याने खिडकीकडे पाहिलं, चांदण्यांकडे. चांदीच्या फुलांकडे. प्रत्येक वस्तू ओळखत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं होतं की काटकसर बघून हसेल, आईवर गेलात म्हणेल.

"आईच्या हातातून निघालेल्या नळ्या माझ्या पोरीच्या डोक्यावर टांगून ठेवल्या? बाबा, तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

मी खरं ते सांगितलं. "नाही."

त्याने स्टूल घेतलं आणि एकेक काढायला लागला. मासे, चांदण्या, माळ, सगळं पोत्यात. पतंग काढायला गेला तेव्हा अनुराधा म्हणाली, "ते राहू द्या." मंजूला कडेवर घेऊन पतंगाकडे बघत उभी होती. विजय म्हणाला, उद्या नवाच्या बसने मोहगाव. त्याने आणि मी एका ताटलीतले तिळाचे लाडू खाल्ले, त्याने त्याच्या बाजूचे, मी माझ्या.

नापास.

एक लिहायचं राहिलं. हे सगळं करत होतो त्या चार आठवड्यांत घर भरल्यासारखं वाटत होतं. तेवढं वाटत होतं. विजयला सांगायला हवं होतं, पण तो पोत्याचं तोंड बांधत होता.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

सकाळी विजय बसची चौकशी करायला स्टँडवर गेला. मी पोतं दाराशी ठेवलं, भंगारवाल्याला द्यायचं म्हणून. अनुराधा आली. तिने भिंतीवरून चंद्राचा पतंग काढला होता.

"बाबा, हा कपडा तुम्ही कापला?"

"नाही, कापलेलाच मिळाला. डब्यात होता."

"अजून काही होतं का याच्यासोबत?"

मी ते दोन लहान तुकडे आणून दिले. तिने ते पतंगाच्या दोन बाजूंना ठेवले. मग मंजूला पतंगावर निजवलं. लहान तुकडे बरोबर मंजूच्या दंडांवर आले. चांदीचा चंद्र आला गळ्याखाली.

"झबलं आहे, बाबा," अनुराधा म्हणाली. "आईंनी बेतलं होतं. नागपूरला माझ्याकडून मंजूचं माप मागून घेतलं होतं त्यांनी. मी म्हटलं, संक्रांतीपर्यंत ती वाढेल. तर म्हणाल्या, दोन बोटं जास्तीची ठेवीन."

गळा होता तो. मी उंदरावर घालत होतो.

मी खाली बसलो. जमिनीवरच बसलो, पाट जवळ असून. त्यानंतर मी तिला सगळं सांगितलं. कार्डात न लिहिलेलं. पेपर वाचत होतो ते, "पाहू" म्हटलं ते. आणि कपाटातलं पाकीट आणून तिच्या हातात दिलं. "हा तिचा मासा होता. मी उसवला. मला परत जमला नाही." सुनेसमोर असं बोलायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

तिने पाकिटावरची चिठ्ठी वाचली. नळी बाहेर काढली. "हा मासा आम्ही वॉर्डात विणला होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईने शिकवला. आईंच्या एका हाताला सुई, म्हणून एक टोक मी धरायची आणि त्या दुसऱ्या हाताने विणायच्या. मंजूच्या पाटावर टांगायचा म्हणून."

"म्हणजे नळीचा मासा तिलाच टांगायचा होता?"

"हो. मला माहीत होतं, बाबा. काल यांच्यापुढे तोंड उघडलं नाही. चुकलं माझं."

मग म्हणाली, "धरा हे टोक."

मी धरलं. ती विणायला लागली. नळीवर जिथं जिथं सुशीलाने दाबलं होतं तिथं तिथं घडी तशीच होती. तीन आठवडे मी बाकीच्या नळ्यांशी झटापट करत होतो, आणि ही अनुराधाने नुसती जवळ नेली की आपल्या जागी वळत होती. वर, खाली, गाठ. पोट झालं. शेपटी झाली. ही नळी त्या दिवशी गरम पाण्यात टाकली असती तर? पाणी निवलं होतं म्हणून राहिली. माझ्या हातून एवढी एकच गोष्ट राहून गेली, ती चांगली झाली.

विजय केव्हा आला ते कळलं नाही. दारात उभा होता. अनुराधाने त्याला काय ते थोडक्यात सांगितलं, मान वर न करता. तो पोत्यापाशी गेला, बांधलेलं तोंड सोडलं, माझा एक ढेरपोट्या मासा काढला, उलटासुलटा करून पाहिला.

"हा कोण आहे?"

"मालबाबू," मी म्हटलं.

त्याला हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. तोंड भिंतीकडे करून उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "नवाची बस तं गेली, बाबा. खिळे कुठं ठेवले?"

अनुराधाने मशीनवरचं फडकं काढलं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

लूट झाली. आमच्याच घरी.

झबल्यावर खळीचे डाग राहिले, धुऊनही गेले नाहीत. हलव्याच्या हाराखाली झाकले. दोन बोटं जास्तीची होती, ती पुरली. मंजू पाटावर बसली, डोक्यावर आठ मासे. सातांकडे तिने पाहिलं नाही. आठवा खाली आणून तिच्या हातात दिला तर थेट तोंडात घातला. पुंडलिकरावसुद्धा मोहगावहून आले, बोरं घेऊन. छताकडे बघून म्हणाले, "हे बाजारात कुठं भेटते?" शांताबाई म्हणाल्या, "भेटत नाही जी. याच्यासाठी घरात सुशीलाताई लागते."

पहिली ओंजळ मी टाकली. बोरं, मुरमुरे, रेवड्या, उसाचे तुकडे. मंजू दचकली, मग हसली. गल्लीतले पोट्टे तुटून पडले. गलका इतका होता की मी मोठ्याने "केली गं" म्हटलं ते कोणाला ऐकू गेलं नाही.

सगळे जेवायला बसल्यावर मी पाटाखालची उरलेली बोरं वेचत होतो. एक बोर फुटलेलं होतं. त्याचा आंबट रस बोटाला लागला, त्या भाजलेल्या, आणि अशी काही आग झाली की मी तिथंच बसून रडलो. लहान मुलासारखा, आवाज काढून. आतून सगळे धावत आले. विजयने विचारलं, काय झालं बाबा?

बोट दाखवलं. "दुखून राहिलं," म्हटलं. "फार दुखून राहिलं."

अनुराधाने खोबरेल लावून चिंधी बांधली. चिंधी काळी आहे, झबल्यातून उरलेली. एक्स-रेची तिसरी काच मी धुणार नाही. एवढंच लिहितो, बोट वाकत नाही.